मदत हवी आहे: नराम-सिनच्या लेखाचं भाषांतर

प्राचीन मेसोपोटेमियातल्या (आजचा इराक) अक्कदचा राजा नराम-सिन याच्याबद्दल वाचते आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या त्याच्या विजयशिळेवर तो शिंगांचं शिरस्त्राण घालून डोंगर चढतो, पायाखाली लुल्लुबी या डोंगरी टोळीचे सैनिक. तशी शिंगं तिथे देवांनाच असत! इराकमधल्या बासेत्की इथे सापडलेल्या त्याच्या तांब्याच्या पुतळ्यावरचा लेख सांगतो, की एका वर्षात ९ लढाया जिंकून त्याने नगर वाचवलं, म्हणून अक्कदच्या लोकांनीच त्याला आपला देव म्हणून मागितलं आणि त्याचं मंदिर बांधलं. हा लेख मला मूळ ओळी आणि भाषांतर समोरासमोर ठेवून वाचायचा आहे. कुठे मिळेल?

आणखी एक. इ.स.पू. १२ व्या शतकात एलामचा (आजच्या नैऋत्य इराणमधलं राज्य) राजा शुत्रुक-नह्हुंते ती विजयशिळा आपल्या सुसा नगरीला घेऊन गेला, तिच्यावर स्वतःचा लेख कोरला, पण नराम-सिनची आकृती राहू दिली. का बरं? अभ्यासकांचं मत माहीत असेल तर जरूर सांगा.