घातांक मूळ असला तरी…

वर कुणीतरी लिहिलंय की २ चा घातांक (२ कितीदा गुणायचे तो आकडा) मूळ संख्या असला की २ च्या त्या घातातून १ वजा केल्यावर मूळ संख्याच मिळते, ते बरोबर नाही. घातांक मूळ असावा लागतोच, पण तेवढं पुरत नाही, २ चा ११वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि ते २३ गुणिले ८९.

२०२४ ला सापडलेली ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्या, म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१वा घात वजा १, शेवटी पक्की केली ती लुकास-लेहमर चाचणीने (२ चा घात वजा १ अशी संख्या मूळ आहे का ते तपासायची रीत) आणि ही चाचणी छोट्या संख्येवर हाताने करता येते हो! मी काल ठाण्याहून सीएसएमटीला येताना लोकलमध्ये १२७ वर, म्हणजे २ चा ७वा घात वजा १ वर करून बघितली. ४ पासून सुरुवात, दरवेळी वर्ग करून २ वजा करायचे आणि १२७ ने भागून बाकी ठेवायची. ४, १४, ६७, ४२, १११ आणि कुर्ला यायच्या आत शून्य! १११ चा वर्ग १२,३२१, त्यातून २ गेले की १२,३१९, ते बरोब्बर १२७ गुणिले ९७, इतका आनंद झाला की शेजारच्या काकांनाही दाखवलं. घातांकापेक्षा दोन कमी, म्हणजे इथे पाच पायऱ्यांनी शून्य आलं की संख्या मूळ, त्या मोठ्या संख्येला हेच साडेतेरा कोटींहून जास्त वेळा करावं लागतं.