मदत हवी आहे : लायबेरियातल्या मूळ लोकांची बाजू कुठे वाचायला मिळेल?

अकरावीच्या मुलांसाठी लायबेरियावर (पश्चिम आफ्रिकेतला देश) टिपण लिहितेय. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना वसवण्यासाठी डिसेंबर १८२१ मध्ये तिथल्या किनाऱ्यावरची केप मेसुराडोची जमीन किंग पीटर आणि इतर स्थानिक प्रमुखांकडून घेतली गेली, तीही बंदुका, तंबाखू, मणी, साबण, चार छत्र्या आणि रमचं एक पिंप देऊन! वर्षभरात तिथे वसाहतवाले आणि मूळ लोक यांच्यात लढाई होऊन तोफा धडाडल्या. अमेरिकेतून आलेल्या या लोकांनीच, ज्यांतले अनेक गुलामीतून सुटलेले होते, पुढे देई, बासा, क्रू, ग्रेबो या मूळ लोकांना परकं ठरवलं. १८४७ ला देश स्वतंत्र झाला, पण मूळ लोकांना नागरिकत्व १९०४ मध्ये. हे वाचून फार अस्वस्थ झाले.

मला मिळतंय ते सगळं वसाहतवाल्यांच्या बाजूचं. देई लोकांच्या लेखी ती विक्री होती, की नुसती राहायला दिलेली परवानगी? त्यांच्या मौखिक परंपरेवर कुणी काही वाचलंय का? आणि ‘सेटलर’ला मराठीत काय म्हणावं? ‘वसाहतकार’ म्हटलं की मुलांना गोरे साहेबच दिसतात.