डच कंपनीचं कौतुक करताना बांदा बेटं का विसरतो?

धागाकर्ता: डच ईस्ट इंडिया कंपनीला 'पहिली आधुनिक कंपनी' म्हणून डोक्यावर घेतात, ते मला पटत नाही. १६०२ च्या सनदेतच तिला किल्ले बांधायचा, तह करायचा, सैन्य ठेवायचा अधिकार होता. जायफळ तेव्हा जवळपास फक्त इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर मिळे. १६२१ साली कंपनीचा गव्हर्नर-जनरल यान पीटरझोन कून आरमार घेऊन तिथे उतरला. बेटांवरच्या ४४ प्रमुखांची जपानी भाडोत्री सैनिकांकडून मुंडकी उडवली. सुमारे १५,००० वस्तीतले हजारभर लोक तिथे उरले. मग बागांचे तुकडे पाडून डचांना वाटले आणि राबायला गुलाम आणले. हा कसला व्यापार?

जुना वाचक: बांदात झालं ते भयंकरच, पण तोफा डचांनी आणल्या नाहीत. पोर्तुगीज त्याआधी शंभर वर्षं अरबी समुद्रात परवान्याशिवायची जहाजं लुटत होते. नवं होतं ते भांडवल. ॲमस्टरडॅममध्ये हजारावर लोकांनी पैसे लावले, त्यात घरकाम करणाऱ्या बायकासुद्धा होत्या. पैसे परत हवे असतील तर कंपनीच्या वहीत आपला हिस्सा दुसऱ्याच्या नावावर करायचा. शेअर बाजार यातून उभा राहिला. एवढी मोठी गोष्ट तुम्ही एका ओळीत उडवून लावता!

धागाकर्ता: उडवून नाही लावत, त्याच वहीबद्दल बोलतोय. आधीच्या कंपन्या सफर आटोपली की हिशेब करून मोकळ्या व्हायच्या. किल्ला आणि आरमार पोसायचं तर पैसा वर्षानुवर्षं अडकून राहायला हवा, तो या शेअरांनी पुरवला. कूननेच १६१४ मध्ये संचालकांना कळवलं होतं की युद्धाशिवाय व्यापार नाही आणि व्यापाराशिवाय युद्ध नाही.

वेंगुर्लेकर: आमच्याकडे डच वखारीचे अवशेष अजून आहेत. इथे आदिलशाही होती, म्हणून परवानगी मागून, मुकाट दाम मोजून माल घ्यावा लागला. समोरचा तगडा असला की हीच कंपनी सरळ वागायची.

जुना वाचक: पण बांदाच्या प्रमुखांनी फक्त डचांनाच माल विकायचा करार केला होता. तो मोडून ते इंग्रजांना विकत होते, हेही सांगा की.

धागाकर्ता: सांगतो. बेटांवर पुरेसं धान्य पिकत नव्हतं. जावा-मकासरचे व्यापारी तांदूळ आणि साबुदाणा आणायचे, त्यावर लोक जगायचे. डचांनी आणलं काय, तर विषुववृत्ताजवळच्या उकाड्यात जाड लोकरीचं कापड! असा करार पाळला असता तर ते उपाशी मेले असते.