मदत हवी आहे: कोणी मधेच हाक मारली की हातातलं काम डोक्यातून साफ पुसलं जातं

मला एडीएचडी (लक्ष टिकवणं अवघड जाणारी मेंदूची स्थिती) आहे, औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू आहे त्यामुळे तो प्रश्न नाही. अडचण अशी की एक्सेलमध्ये अर्धी ओळ भरलेली असते, कोणीतरी "जरा दोन मिनिटं" म्हणत येतं आणि ते गेल्यावर मी नुसता स्क्रीनकडे बघत बसतो, कुठे होतो तेच आठवत नाही. २५ मिनिटांचा पोमोडोरो (टायमर लावून सलग काम, मग छोटा ब्रेक) लावून पाहिला, पण टायमर मला कळतो, लोकांना नाही ना! चिकट नोट्स काही दिवसांनी दिसायच्याच बंद होतात. हेडफोन चालत नाहीत, फोन घ्यावे लागतात, आणि ऑफिसात एडीएचडीबद्दल सांगितलेलं नाही, सध्या सांगायचंही नाहीये. तर समोरचा उभा असतानाच, त्याला विचित्र न वाटता, कुठे थांबलो याची खूण पटकन कशी ठेवता तुम्ही?