कॅनडा: आश्रयाचे अपील नव्याच कारणावरून फेटाळले, तर फेडरल कोर्ट काय पाहते?

प्रश्न
माझ्या एका बांगलादेशी सहकाऱ्याचा आश्रयाचा दावा रेफ्युजी प्रोटेक्शन डिव्हिजनने (असे दावे पहिल्यांदा ऐकणाऱ्या विभागाने) ‘देशातल्याच दुसऱ्या शहरात सुरक्षित राहता येईल’ असे म्हणून नाकारला. अपील तेवढ्याच मुद्द्यावर होते. रेफ्युजी अपील डिव्हिजनने मात्र पोलीस ठाण्यातील जनरल डायरीच्या (तक्रारींच्या नोंदवहीच्या) नकलेवरचा शिक्का पुसट आणि म्हणून संशयास्पद ठरवला, आणि त्याला एका शब्दाने न विचारता अपील फेटाळले. यावर न्यायिक पुनर्विलोकन, म्हणजे हा निर्णय कोर्टाकडून तपासून घेणे, मागता येईल का? नवे शपथपत्र जोडता येते का?

उत्तर 1
आधी मुदत सांभाळा. निर्णय हाती पडल्यापासून 15 दिवसांत फेडरल कोर्टाकडे परवानगीचा, म्हणजे ‘लीव्ह’चा, अर्ज करावा लागतो, तो कागदपत्रांवरूनच निकाली निघतो आणि नाकारला गेल्यास त्यावर अपील नाही. परवानगी मिळाली तरी तुमचा सहकारी निर्वासित आहे की नाही हे कोर्ट स्वतः ठरवत नाही. निर्णयाच्या गुणवत्तेबाबत, कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2019 च्या वाविलोव्ह निकालानुसार, तो वाजवी आहे का एवढेच पाहिले जाते. नैसर्गिक न्यायाच्या मुद्द्यावर मात्र, बाजू मांडण्याची खरीखुरी संधी मिळाली होती का, हे कोर्ट स्वतः तपासते. अर्जदाराच्या खरेपणावरच प्रश्न असेल तेव्हा त्याचे म्हणणे तोंडी ऐकले पाहिजे, हा आग्रह त्याच न्यायालयाच्या 1985 च्या सिंग निकालापासूनचा आहे. त्यातले बहुतेक अर्जदार भारतातून आलेले शीख होते.

उत्तर 2
वरील उत्तराशी सहमत असलो तरी इतके निर्धास्त राहू नये. शिक्क्याचा विषय पहिल्या सुनावणीत निघाला असेल, तर अपिलात तो ‘नवा मुद्दा’ ठरणार नाही, आणि बाजू मांडण्याची संधी मिळाली नाही ही तक्रार कमकुवत होईल. शिवाय दुसऱ्या शहराबद्दलचा निष्कर्ष अपिलातही स्वतंत्रपणे कायम झाला असेल, तर शिक्का बाजूला ठेवूनही निकाल तोच राहिला असता, असा युक्तिवाद सरकारी वकील हमखास करतील. निर्णयाचे कारणपत्र या दृष्टीने ओळीओळीने वाचा.

उत्तर 3
शपथपत्राबद्दल: एरवी कोर्ट नवा पुरावा घेत नाही, पण प्रक्रियेतील अन्याय दाखवण्यासाठी तो चालतो. विचारले असते तर आपण काय सांगितले व कोणते कागद दिले असते, हे त्यात नेमके लिहावे; ‘अन्याय झाला’ एवढ्याने भागत नाही. अपिलाच्या निर्णयाविरुद्ध अर्ज वेळेत गेल्यास हद्दपारी साधारणपणे आपोआप थांबते, तरी अपवाद असल्याने वकिलाकडून खात्री करून घ्या. यश आले तर प्रकरण फेरनिर्णयासाठी परत जाते, बहुधा दुसऱ्या सदस्याकडे. पहिल्या सुनावणीचे ध्वनिमुद्रण मात्र आजच मागवा, कारण शिक्क्याविषयी तेव्हा एखादा प्रश्न आला होता की नाही हे त्यावरूनच सिद्ध होईल.