पेसाखचं जेवण सगळ्यांचं करायचं, तर त्यातलं काढायचं काय?

अलिबागवाला: पेसाख म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून ज्यूंच्या सुटकेचा सण, आणि सेदर म्हणजे त्या रात्रीचं विधीचं जेवण. त्याबद्दल परवा इथे कुणीतरी लिहिलं होतं, "सेदर म्हणजे मानवी स्वातंत्र्याचा सोहळा व्हावा. हिब्रू आशीर्वाद आणि देवाचं नाव वगळलं की कुणालाही बसता येईल." दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. हग्गादाच्या (सेदरला वाचायच्या पोथीच्या) सुरुवातीलाच मात्झा (बिनखमिराची भाकरी) दाखवून आपण म्हणतो, "जो भुकेला असेल त्याने यावं, जेवावं." मग पाहुणा बोलवायला काटछाट कशाला? पुण्यात 1874 साली छापलेल्या हग्गादात हिब्रूसोबत मराठी आहे. कळावं म्हणून मराठी आणलं, हिब्रू फेकून नाही दिलं. आमची आजी पेसाखचे नियम पाळून भांड्यांना कल्हई करून घ्यायची आणि सणाला शेजारच्या कोळीणबाईंना जेवायला बसवायची. त्यांना काही अडलं नाही.

मुक्ता: ते मीच लिहिलं होतं. 4 एप्रिल 1969, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येला वर्ष झालं त्या रात्री, वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीयांच्या एका चर्चच्या तळघरात सुमारे 800 माणसं फ्रीडम सेदरला बसली होती. काळे, गोरे, ज्यू, ख्रिस्ती. मोकळं केलं म्हणूनच ना?

अलिबागवाला: त्या सेदरची हग्गादा लिहिणाऱ्या आर्थर वॉस्काव यांनी त्यात भर घातली. गुलामांच्या बंडाचा नेता नॅट टर्नर आणला, गांधी आणले. मिसरमधून सुटकेची गोष्ट काढली नाही. माझं म्हणणं तेच आहे.

लोदची लेक: पाहुण्यांचं नंतर बघू, आधी आपल्यातल्यांना तरी पंगतीत घ्या. आमच्याकडे इस्राएलमध्ये लोदला पेसाखला भात असतो, आई तांदूळ तीनदा निवडते. एका वर्षी युरोपातून आलेली शेजारीण पातेलं बघून उंबऱ्यावरूनच फिरली. "हा कसला पेसाख?" आई रात्रभर बोलली नाही. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, पूर्ण ज्यू आहोत हे मान्य करून घ्यायला 1964 साली जेरुसलेमला धरणं धरावं लागलं होतं!

ठाणेकर: भाताचा इथे काय संबंध? आश्केनाझी (युरोपातले ज्यू) पेसाखला भात खात नाहीत, तो त्यांचा रिवाज. त्यांनीही मान राखून घ्यायचा नाही का?

लोदची लेक: राखा की. पण माझ्या आईच्या दारात उभं राहून नाही. तुम्ही ठाण्यात बसून सांगू नका.

ठाणेकर: ठाण्यातही भातच असतो, ताई. माझीच आई करते. आवाज चढवायची गरज नव्हती.

मुक्ता: बरं. देवाचं नाव वगळा हे मी मागे घेते. वडील दहा पीडा (देवाने मिसरवर आणलेली संकटं) वाचताना मनुक्यांच्या शरबताचे दहा थेंब बशीत काढायचे. मिसरची माणसंही मेली, म्हणून आपला पेला तेवढा कमी, असं सांगायचे. तेवढ्यासाठी मी सेदर करते. पण हग्गादातलं "तुझा कोप राष्ट्रांवर (म्हणजे परक्या लोकांवर) ओत" हे माझ्या मुस्लीम मैत्रिणीसमोर मी वाचणार नाही.

अलिबागवाला: नका वाचू. पान मात्र फाडू नका. हल्ल्याच्या भीतीने दारं लावून बसलेल्या ज्यूंनी ते वाचलंय. मैत्रिणीने विचारलं तर तेही सांगा.

लोदची लेक: आणि तिला भात वाढा.