मदत हवी आहे: रोहिंग्या छावण्यांतील बालविकासाचे मोजमाप

नमस्कार. ऑगस्ट २०१७ नंतर ७ लाखांहून अधिक रोहिंग्या म्यानमारमधून बांगलादेशात आले. तेथील कॉक्स बाजारच्या छावण्यांतील ३ ते ६ वर्षांच्या मुलांच्या विकासावरील संशोधनात मी चाचणीच्या भाषांतरासाठी साहाय्य करीत आहे. रोहिंग्या भाषा चाटगावच्या बोलीला जवळची असली, तरी बहुतेक पालकांना ती लिहिता-वाचता येत नसल्याने प्रश्न तोंडीच विचारावे लागतात आणि प्रश्नकर्ता बदलला की शब्दही बदलतात. मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या अंगणवाडीतील मुलांची अशी तोंडी चाचणी कुणी घेतली असल्यास, प्रश्नांतील सारखेपणा कसा राखला, हे कृपया कळवावे. शिवाय ‘घरी पुस्तके किती?’ हा ठरावीक प्रश्न बांबू-ताडपत्रीच्या खोपटात विचारणे मला तरी विचित्र वाटते. त्याऐवजी काय विचारावे?